कलम पाचवं की सहावं?

१६१६ साल नुकतंच सुरू झालं आहे आणि तुम्ही रोषणगावच्या शिवारात उभे आहात. आजच्या हिशेबानं जालना जिल्हा, बदनापूर तालुका. समोर एक ओढा आहे, त्याच्या दोन्ही काठांना दलदल. ओढ्यापलीकडे मोगलांची फौज. तिचा सेनापती शाहनवाज खान, खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा, बाळापूरहून चालून आला आहे. कालपर्यंत निजामशाहीचं मीठ खाणारे काही सरदार आज त्याच्या बाजूला दिसतील. सिंदखेडचे लखुजी जाधव त्यांच्यातच. ओढ्याच्या अलीकडे निजामशाहीचं सैन्य आणि त्याचा खरा धनी, साठी ओलांडलेला मलिक अंबर.

लढाईकडे फार वेळ पाहू नका. ती अंबर हरणार आहे. दुपार कलल्यावर मोगल घोडदळ ओढा ओलांडेल, दख्खनी फौज फुटेल, पाठलाग अंधार पडेपर्यंत चालेल आणि मग खडकी, म्हणजे अंबरनं वसवलेलं पुढचं औरंगाबाद, लुटलं जाईल. अंबर मात्र यातूनही सावरेल, आणखी दहा वर्षं मोगलांना झुंजवेल. तिकडे जहांगीर चिडून स्वतःचं एक चित्र काढून घेईल: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याला टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

तुम्हाला पाहायचा आहे तो या माणसाचा चेहरा, आणि त्यामागचं पोर. त्याचं मूळ नाव चापू. जन्म १५४८च्या सुमाराचा, इथिओपियाच्या दक्षिण मुलखातला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात आला. लढाईत धरला गेला असंही सांगतात, गरिबीनं टेकीला आलेल्या आईबापांनी विकलं असंही सांगतात. मोखा बंदरात त्याची विक्री झाली, बगदादच्या धन्यानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. शेवटी अहमदनगरच्या पेशव्यानं, चंगेजखानानं, त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही कधीकाळी विकला गेलेला हबशीच. १६१७ साली अंबरला भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यानं मोख्यातली किंमतसुद्धा लिहून ठेवली आहे: वीस डुकॅट.

तुमच्या खिशात एक प्रश्न आहे आणि तो घेऊनच तुम्ही या शतकात आला आहात. वीस डुकॅट मोजून त्या पोराला विकणं, घेणं चूक होतं का? आणि चूक असेल, तर ते तेव्हाच चूक होतं, की पुढे कधीतरी चूक झालं?

हा प्रश्न कॅथलिक नीतिशास्त्रापुढे जितका अवघड होऊन उभा राहतो तितका दुसरीकडे क्वचितच राहत असेल. ज्यांना नीती म्हणजे समाजाची रीत वाटते त्यांचं सोपं आहे. रीत बदलली, नीती बदलली, विषय संपला. कॅथलिक परंपरा मात्र म्हणते की माणसाच्या स्वभावातच, त्याच्या बुद्धीला कळेल असा, एक नैसर्गिक नीतिनियम आहे. तो धर्मग्रंथ न वाचणाऱ्यालाही लागू, राजालाही लागू, पोपलाही लागू. मग असा नियम काळाबरोबर बदलतो का?

उत्तरासाठी गोव्याला चला. साल तेच, १६१६. राशोलच्या छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ नुकतंच बाहेर पडतं आहे. एका इंग्रज जेझुइटानं मराठी ओव्यांत सांगितलेली ख्रिस्तकथा. शाईचा वास अजून ताजा आहे. पण तुमचं काम गोवा शहरातल्या रुआ दिरेइता या सरळ रस्त्यावर आहे. लिन्शोटेन नावाच्या डच माणसानं १५८०च्या दशकात या रस्त्यावरचा लिलाव पाहून लिहून ठेवला आहे. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी इथे बोली लागते. दागिने, गालिचे, अरबी घोडे, आणि त्यांच्याच रांगेत माणसं. पुरुष, बायका, पोरं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची बरीच, काही हबश मुलखातली.

रस्त्यात भेटलेल्या धर्मगुरूला तुम्ही तुमचा प्रश्न विचारता. तो दचकत नाही. तो दुष्ट माणूस नाही, हे ध्यानात असू द्या. दुष्ट असता तर आपलं काम हलकं झालं असतं. तो शांतपणे सांगतो, “अन्यायानं पकडलेल्या माणसाला विकणं पाप आहे. १५६७च्या गोव्याच्या धर्मसभेनं ते स्पष्ट केलंय. गुलामी चालते ती योग्य आधार असेल तरच.” मग तो आधार मोजून दाखवतो: गुलाम आईच्या पोटी जन्म, धर्म्य युद्धात झालेली कैद, माणसानं गरजेपोटी स्वतःला विकणं, अगदीच नाइलाज झालेल्या बापानं मूल विकणं.

तुम्ही मनात अंबरची गोष्ट ताडून पाहता. लढाईत धरला गेला असेल, तर युद्ध धर्म्य होतं एवढं म्हणून काम भागतं. आईबापांनी विकला असेल, तर नाइलाजाचं कलम आहेच. कुठूनही पाहा, पोर विकलं जातंच.

“पण हे निसर्गनियमाच्या विरुद्ध नाही?” तुम्ही विचारता.

“संत थॉमसचं वाचा,” तो म्हणतो आणि निघून जातो. त्याच्या मठातही गुलाम कामाला आहेत. त्या काळच्या गोव्यात हे इतकं साधारण होतं की त्याला स्वतःला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

तेव्हा मागे चला, साडेतीनशे वर्षं मागे. पॅरिस, १२७१च्या आसपास. डोमिनिकन मठातल्या एका खोलीत थॉमस अक्वायनस ‘सुम्मा थिओलॉजिए’चा दुसरा भाग सांगतो आहे आणि लेखनिक उतरवून घेत आहेत. प्रकरण चौऱ्याण्णव, नैसर्गिक नीतिनियमाविषयी. एकूण सहा कलमं. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि शेवटची तीन कलमं नीट ऐका, कारण या सगळ्या वादाच्या किल्ल्या तिथे आहेत.

चौथं कलम: हा नियम सर्वांसाठी एकच आहे का? मूळ तत्त्वं एकच आहेत, थॉमस म्हणतो. चांगलं करावं, वाईट टाळावं. पण तत्त्वाकडून तपशिलाकडे जसजसे उतराल तसतसा अपवाद वाढतो. ठेव परत करावी हे खरं. पण ती ठेव घेऊन कुणी आपल्याच देशावर उठणार असेल, तर परत करू नये. शिवाय वाईट सवयीनं माणसाची बुद्धीही बिघडते. जर्मन टोळ्यांना लूटमार ही चूक वाटत नसे, असं सीझर सांगतो.

पाचवं कलम: हा नियम बदलू शकतो का? हाच तुमचा प्रश्न, शब्दशः. थॉमसचं उत्तर दोन टप्प्यांत येतं. भर घालून बदलू शकतो. माणसाच्या जीवनाला उपयोगी अशा कित्येक गोष्टी त्यात जोडल्या गेल्या आहेत. वजा करून बदलतो का? मूळ तत्त्वांत मुळीच नाही, दुय्यम नियमांत क्वचित, एखाद्या विशेष प्रसंगी. भर घालणं म्हणजे काय, ते दाखवायला तो साधा दाखला घेतो. माणूस निसर्गतः नागडा जन्मतो, कपडे त्यानं आपल्या कलेनं मिळवले; पण म्हणून कपडे निसर्गाविरुद्ध ठरत नाहीत. तशाच आणखी दोन गोष्टी. खाजगी मालमत्ता, आणि गुलामी. या निसर्गानं आणल्या नाहीत, माणसाच्या बुद्धीनं मानवी जीवनाच्या सोयीसाठी आणल्या, तेव्हा ही भरच झाली.

लेखणी क्षणभरही थांबत नाही. कपडे, मालमत्ता, गुलामी, आणि पुढचं वाक्य.

मला या जागेपाशी दरवेळी थांबावंसं वाटतं. निसर्गनियम बदलतो का या प्रश्नावर कॅथलिक परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध मजकूर हाच, आणि त्याच मजकुरात उदाहरण म्हणून गुलामी यावी! शिवाय थॉमसनं गुलामीला निसर्गाचा भाग म्हटलेलंच नाही, हेही लक्षात घ्या. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं मानणाऱ्या अॅरिस्टॉटलच्या दारी बसून शिकलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे. निसर्गानं आणली नाही, माणसांनी जोडली. जे जोडलं ते काढता येतं. दार तिथेच होतं. त्याला कडी नव्हती. तरी ते ढकलायला सहा शतकं लागली.

का लागली, याचं उत्तर पुढच्याच कलमात आहे, म्हणून उठू नका. सहावं कलम: हा नियम माणसाच्या मनातून पुसला जाऊ शकतो का? मूळ तत्त्वं नाही, थॉमस म्हणतो. पण दुय्यम नियम पुसले जाऊ शकतात, वाईट शिकवणुकीनं आणि बिघडलेल्या चालीरीतींनी. काही लोकांत तर चोरीलाही पाप मानत नाहीत.

इतकं अचूक निदान, आणि ते फक्त दुसऱ्यांच्या घरासाठी. सीझरकालीन जर्मनांचा रोग त्याला दिसला. भूमध्य समुद्रावरच्या ख्रिस्ती बाजारांतून विकली जाणारी माणसं त्याच्या युरोपातच होती. ती त्यानं मागच्या कलमात, सोयीच्या यादीत घातली. माझं म्हणणं एवढंच आहे: गुलामी पाचव्या कलमातली कधीच नव्हती. ती सहाव्यातली होती.

आता पुन्हा जालन्याला या, १६३१. दख्खनेत सलग दुष्काळ पडला आहे. शाहजहानच्या इतिहासकारानं लिहून ठेवावा आणि युरोपी व्यापाऱ्यांच्या पत्रांतूनही यावा, असा हा दुष्काळ. कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात झिरे खणलेत. एक माणूस सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून उभा आहे आणि समोर एक दलाल. दलालाला मुलगी नको आहे, कारण खायला घालावं लागेल. बाप किंमत मागतच नाही. तिला ठेवून घ्या, जगवा, एवढंच तो म्हणतो आहे.

गोव्याच्या धर्मगुरूचं चौथं कारण आठवा: नाइलाज झालेल्या बापानं मूल विकणं. कागदावर हा व्यवहार चोख आहे. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, बाप स्वतः राजी आहे, आणि न विकली तर मुलगी मरणार. तुम्ही बापाला दोष देऊ शकत नाही. एखादे वेळी दलालालाही नाही. मग चूक कुठे आहे? ज्या नियमानं या क्षणाला ‘आधार’ हे नाव दिलं, त्या नियमात. जगवण्याच्या बदल्यात माणूस आयुष्यभरासाठी आपला होतो, आणि त्याची पोरंही आपली होतात, हे ज्यांना न्याय्य वाटलं त्यांनी या मुलीच्या जागी उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं.

हे फक्त पाद्र्यांच्या डोक्यावर फोडून मोकळं होता येणार नाही. पेशवाईत बटकी आणि कुणबिणी विकत घेतल्या जात होत्या, सरकारी कोठ्यांतही त्या होत्या. अंबरच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. वीस डुकॅटला विकला गेलेला माणूस मोठा झाल्यावर माणसं विकत घेतो. सहाव्या कलमाला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

तरी काहींना दिसत होतं. फर्नांव ओलिव्हेइरा या पोर्तुगीज धर्मगुरूनं १५५५ साली, आरमारी युद्धावरच्या पुस्तकात, आपल्याच देशाच्या गुलामव्यापाराला झोडपलं. १६८०च्या दशकात लोरेन्सो दा सिल्वा दे मेंदोन्सा हा कृष्णवर्णीय माणूस गुलामांची तक्रार घेऊन थेट रोमला पोचला. ज्यांच्याविषयी इतकी शतकं चर्चा चालली होती, त्यांच्यापैकी एकाला प्रथमच कुणी ऐकून घेतलं म्हणा. १६८६ साली रोमच्या होली ऑफिसनं, म्हणजे श्रद्धेचे प्रश्न निकालात काढणाऱ्या कचेरीनं, निरपराध माणसांना बळानं वा कपटानं पकडून विकणं चूक ठरवलं. पण तेही ‘अन्यायानं पकडलेल्या’पुरतं. आधाराची यादी तशीच राहिली.

आता रोम, १८६६, जून महिन्यातली वीस तारीख. १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करून झाला आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामी संपली आहे. आणि होली ऑफिसच्या टेबलावर एक पत्र आहे, कापुचिन बिशप मसाया यांच्या मिशनकडून आलेलं, इथिओपियाच्या दक्षिण भागातून. म्हणजे जिथून चापू नावाचं पोर निघालं होतं त्याच बाजूनं. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी गुलाम बाळगावेत का, विकावेत का?

उत्तर लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून वाचा. गुलामी, मुळात पाहिली तर, नैसर्गिक आणि दैवी नियमाच्या सर्वस्वी विरुद्ध नाही. तिला न्याय्य आधार असू शकतात. विक्री, खरेदी, देवघेव, योग्य अटी पाळल्या तर, पाप नाही. अंबर मरून तेव्हा दोनशे चाळीस वर्षं झाली होती. तो पत्त्यावर असता, तर त्याच्याच प्रश्नाचं उत्तर त्याच्याच गावाकडे पाठवलं गेलं असतं.

यानंतर मात्र पावलं भराभर पडतात, म्हणून तुम्हीही भराभर चाला. १८८८ साली, ब्राझील गुलामी संपवत असताना, पोप तेरावे लिओ ब्राझीलच्या बिशपांना लिहितात आणि गुलामी हा निसर्गाच्या मूळ योजनेला धक्का आहे असं सांगतात. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद गुलामीला खून, छळ, वेश्याव्यवसाय यांच्या पंक्तीत बसवते. आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये पोप दुसरे जॉन पॉल ‘वेरितातिस स्प्लेंदोर’ या परिपत्रकात तीच यादी पुन्हा देतात, पण आता एका नेमक्या शिक्क्यासह: ही कृत्यं स्वभावतःच वाईट आहेत. हेतू कोणताही असो, परिस्थिती कोणतीही असो, काळ कोणताही असो. आज जालना जिल्हा ज्यात येतो त्या, १९७७ साली स्थापन झालेल्या, औरंगाबाद धर्मप्रांतातल्या धर्मगुरूलाही सेमिनरीत हेच शिकवलं जातं.

काळ कोणताही असो. म्हणजे १५६०च्या आसपासचं मोखाही त्यात आलं.

मग १८६६ आणि १९९३ यांच्यामध्ये काय बदललं? यावर कॅथलिकांमध्येच रण माजलेलं आहे. अमेरिकेतले न्यायाधीश आणि इतिहासकार जॉन नूनन यांनी २००५च्या पुस्तकात स्वच्छ म्हटलं की चर्चची शिकवण बदलली, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. त्यावर कार्डिनल एव्हरी डलेस यांनी प्रतिवाद केला की चर्चनं जे सहन केलं ते गुलामीचं सौम्य रूप होतं, जनावरासारखी मालकी नव्हे. तत्त्व उलटलेलं नाही, विकसित झालं. डलेस मोठे विद्वान, पण इथे मला ते पटत नाहीत. १८६६च्या कागदात खरेदी-विक्रीला परवानगी आहे. ज्याची खरेदी-विक्री होते त्याच्यावर मालकी नाही, असं म्हणायला जीभ वळत नाही.

नियम बदलला, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर कुंडलिकेच्या पात्रातल्या त्या मुलीला सांगावं लागेल की बाई, तुझ्या वेळी हे बरोबरच होतं. वाचन चुकलं होतं. शतकानुशतकं, पोपांपासून पेशव्यांपर्यंत. आणि वाचन दुरुस्त झालं ते विद्यापीठांत बसून तेवढं नाही. विकले गेलेले लोक बोलायला लागले, पळायला लागले, लढायला लागले, रोमच्या दारात जाऊन उभे राहिले, म्हणून. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी देहदंड अस्वीकार्य ठरवून धर्मशिक्षणाचा मजकूर बदलला, तेव्हा हाच वाद नव्यानं पेटला. भर, वजाबाकी, की चुकलेलं वाचन? मला विचाराल तर प्रत्येक वेळी आधी सहावं कलम उघडून पाहावं.

प्रवास संपवायला तुम्ही परत याच जिल्ह्यात या, याच वर्षी. घनसावंगी, मंठा, परतूरकडच्या वाड्यावस्त्यांतून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, दसरा-दिवाळीनंतर उसाच्या फडावर जातात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. गुढीपाडव्याला सालगड्यांचे करार होतात, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. उचल घेणं गुन्हा नाही, सालानं राहणंही नाही. पुष्कळ ठिकाणी हिशेब चोख असतो. पण जिथे उचल फिटतच नाही, आजारपण आलं तर खाडा म्हणून आणखी रक्कम चढते, आणि दुसरीकडे जायचं म्हटलं तर माणसाला किंवा त्याच्या बायकापोरांना अडकवून ठेवतात, तिथे तुम्हाला गोव्याच्या यादीतलं एक कारण ओळखीचं वाटेल: माणसानं गरजेपोटी स्वतःला विकणं. तो स्वतःच राजी होता, हे वाक्य फडावर आजही ऐकू येतं.

या वाक्याला आपल्याकडे १९८२ साली उत्तर मिळालं आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी संविधानाच्या अनुच्छेद २३चा अर्थ लावताना ठरवलं की भूक आणि गरिबी यांची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हे वेठीचं काम आहे. म्हणजे १५६७ साली जो ‘आधार’ होता, तोच इथे गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

१९७६चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा तर त्याआधीचाच आहे. त्यानुसार वेठीला बांधणारं कर्ज कायद्यानं संपलेलं असतं, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही. वेठीला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असावी असं कायदा सांगतो. तुमच्या गावातला एखादा गडी किंवा कोयता असा अडकलेला तुम्हाला ठाऊक असेल, तर तक्रार लिहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.